नदी शेजारी असताना वाऱ्यावर कशाला दळायचं? फुग्लेवादच्या चक्कीची केस

दोन वर्षांपूर्वी आई उन्हाळ्यात डेन्मार्कला आली होती. कोपनहेगनमधले राजवाडे वगैरे तिने बघितले, पण खरी रमली ती ल्युंगबीच्या फ्रिलँड्सम्युझेटमध्ये. हे उघड्यावरचं म्युझियम, म्हणजे देशभरातली जुनी शेतघरं, गोठे, चक्क्या उचलून आणून एका मोठ्या माळावर परत उभ्या केल्यात. ती प्रत्येक घरात वाकून शिरायची, चुलीची जागा शोधायची, धूर कुठून जात असेल ते वर बघायची. फिरत फिरत आम्ही फुग्लेवादच्या पवनचक्कीपाशी आलो, आठ बाजूंचा लाकडी बुरूज, वर टोपी, टोपीतून बाहेर आलेली चार लांबलचक पाती. मी आपला फोटो काढत होतो. आई मात्र चक्कीकडे न बघता उलट्या बाजूला बघत होती, आम्ही येताना जी नदी ओलांडली होती तिच्याकडे.

"अरे, नदी इतकी जवळ आहे, वाहतं पाणी आहे, मग ह्यांनी वाऱ्यावर कशाला दळलं?"

मी म्हटलं, "आई, तेव्हा पद्धत असेल तशी."

"पद्धत असेल म्हणजे काय. फुकटचं पाणी सोडून कोण एवढा लाकडाचा पसारा उभा करेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मी काम करतो ते विंड टर्बाइनच्या क्षेत्रात, त्यामुळे ते उत्तर नसणं मला फार लागलं. नंतरचे बरेच महिने जमेल तसं वाचत गेलो, तिथे परत परत जाऊन आलो, आणि जे हाती लागलं ते इथे लिहून काढतोय. एका चक्कीची गोष्ट आहे, पण ती नीट समजून घ्यायची तर नदी, कायदा, दगड, झाडं सगळंच घ्यावं लागतं, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी जागा. ल्युंगबी हे कोपनहेगनच्या उत्तरेला लागून असलेलं गाव. तिथून मोलेओ नावाची नदी जाते, मोले म्हणजे चक्की आणि ओ म्हणजे ओढा, छोटी नदी, तर हिचं नावच चक्क्यांची नदी. फुरेसो तलावातून पुढे निघून ती पूर्वेला ओरेसुंदच्या समुद्राला मिळते आणि एवढ्याशा वाटेत तिच्यावर एकेकाळी नऊ ठिकाणी पाण्याच्या चक्क्या चालायच्या. फ्रेडरिक्सदाल, ल्युंगबी, फुग्लेवाद, ब्रेडे, ओरहोल्म, न्युमोले, स्टाम्पेन, रॉदवाद आणि शेवटी समुद्राकाठची स्ट्रँडमोलेन. धान्य दळणं हे त्यातलं एक काम झालं, बाकी ह्या चाकांवर कागदाचा लगदा कुटला जायचा, लोकरीचं कापड ठोकून घट्ट केलं जायचं, धातूकाम चालायचं. डेन्मार्कमधलं पहिलं कागदाचं मशीन १८२९ साली स्ट्रँडमोलेनलाच बसलं. डॅनिश लोक ह्या खोऱ्याला आपल्या कारखानदारीचा पाळणा म्हणतात ते उगाच नाही.

फुग्लेवाद हे नाव शब्दशः फोडलं तर पक्ष्यांचा उतार, उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. तिथे पाण्याची चक्की फार जुनी. आणि तिच्या जोडीला १८३२ साली ही पवनचक्की बांधली गेली. जोडीला हा शब्द महत्त्वाचा आहे. पाण्याची चक्की मोडली म्हणून वाऱ्याची आणली असं झालं नाही, पाण्यावर भागेना म्हणून वारा मदतीला घेतला.

आता भागेना म्हणजे काय ते बघू, कारण आईचा प्रश्न इथेच आहे. फुरेसो तलावाचं पाणी समुद्रापासून साधारण २० मीटर उंचावर आहे. म्हणजे तलावापासून समुद्रापर्यंत नदीला एकूण उतार मिळतो तो एवढाच २० मीटरचा. ह्यात नऊ चक्क्या. नुसती सरासरी काढली तर एकेकीच्या वाट्याला सव्वादोन मीटरसुद्धा धड येत नाहीत (खरे वाटे कमीजास्त होते, पण अंदाज यावा म्हणून सांगतोय). पाण्याच्या चाकाची ताकद दोन गोष्टींवर ठरते, पाणी किती येतंय आणि किती उंचीवरून पडतंय. आपल्या सह्याद्रीत ओढासुद्धा शंभर मीटर खाली उडी मारतो, इथे अख्खा देशच सपाट, त्यामुळे एक-एक वीत उंची मोलाची.

मग चक्कीवाला काय करणार, बांध घालून पाणी तुंबवणार आणि पातळी वाढवणार. पण बांध जास्त उंच केला की पाणी मागे सरकत वरच्या शेजाऱ्याच्या चाकाच्या पायाशी येतं, त्याचं चाक पाण्यात बुडतं आणि जड होऊन थांबतं. खालच्याची तक्रार वेगळी, तुम्ही दार बंद करून पाणी साठवत बसलात की त्याच्याकडे नदी कोरडी. म्हणून डेन्मार्कमध्ये चक्कीच्या तळ्याची पातळी कायद्याने ठरवून दिलेली असायची, फ्लोदेमॉल म्हणतात त्याला, पाणी इथपर्यंत आणि ह्याच्या वर नाही असं दाखवणारी खूण. ती खूण पाळायची आणि जे मिळेल त्यात दळायचं. त्यात उन्हाळ्यात पाऊस कमी झाला की प्रवाह रोडावतो, आणि कडक थंडीत चाकाला बर्फ धरतो. म्हणजे नदी दारात आहे पण ती तुमची एकट्याची नाही, आणि वर्षभर सारखीही नाही.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. मी बरंच लांबण लावलं होतं, फ्लोदेमॉल काय, उतार काय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पाटाचं पाणी रे. पाळी ठरलेली. आपली पाळी नसली तर पाट शेतावरून गेला तरी काय उपयोग?"

मला तिथल्या तिथे वाटलं की ह्याच्यापेक्षा नेमकं कोणी सांगू शकणार नाही. ज्याने पाटाच्या पाण्यावर ऊस भिजवलाय, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दार फिरवायला गेलाय, त्याला १८३२ सालचा फुग्लेवादचा चक्कीवाला आपोआप कळतो. वाऱ्याला पाळी नसते, वरच्याने अडवला म्हणून खालच्याला कमी पडत नाही.

आता कोणी म्हणेल की वारा इतका मोकळा होता तर आधीच का नाही सगळ्यांनी चक्क्या उभारल्या. तर दळणाचा धंदा तेव्हा मोकळा नव्हता. चक्की टाकायला परवानगी लागायची, ठराविक चक्क्यांना हक्क दिलेले असायचे आणि बाकीच्यांना मनाई. हे बंधन १८५२ च्या कायद्याने सैल केलं आणि १८६२ पासून धंदा खऱ्या अर्थाने खुला झाला, त्यानंतर डेन्मार्कभर पवनचक्क्यांचं पीक आलं. फुग्लेवादची चक्की त्याच्या ३० वर्षं आधीची. ती मोकळ्या बाजाराची चक्की नाही, हक्काच्या जुन्या काळातली आहे, आणि जिथे आधीपासून पाण्यावर दळण चालू होतं अशाच ठिकाणी ती उभी राहिलेली दिसते.

वारा मोकळा असला तरी वाऱ्यावर काम करणं सोपं नाही, आणि मला वाटतं पर्यटक म्हणून आपण हेच बघत नाही. चित्रातली पवनचक्की शांत दिसते. चालत्या चक्कीत उभं राहिलेला माणूस शांत राहूच शकत नाही.

ह्या जातीच्या चक्कीला तिथे हॉलंडर म्हणतात, डच पद्धतीची. हिचं अंग जागेवर स्थिर, फक्त वरची टोपी फिरते. टोपीसाठी डॅनिश शब्दही टोपीच आहे, हॅट. वारा फिरला की टोपी फिरवून पाती वाऱ्याच्या तोंडाला आणायची, आणि ही सोय म्हणून नाही, जिवाचा प्रश्न म्हणून. वारा पाठीमागून आला तर टोपी पात्यांसकट उचकटून खाली येऊ शकते, शिवाय ब्रेक पकडतो तो एका दिशेच्या फिरण्यावर, उलट्या फिरण्यावर त्याची पकड तशी नसते. जुन्या पद्धतीच्या पात्यांवर लाकडी जाळी असते आणि तिच्यावर कापडाचं शीड ओढायचं. वारा मंद असला तर पूर्ण शीड, जोर धरला तर अर्धं गुंडाळायचं, वादळ दिसलं तर उतरवूनच ठेवायचं. आपल्या कोकणातल्या तांडेलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. फक्त होडीचं शीड समोर असतं, इथे एक-एक पातं खाली आणून थांबवायचं, चढून शीड बांधायचं, मग ब्रेक सोडून पुढचं पातं खाली आणायचं, असं चार वेळा, पावसात आणि अंधारातसुद्धा.

आत आलं की लाकडी गिअर. पात्यांच्या आसावर मोठं दातेरी चाक, त्याच्याभोवती लाकडी ब्रेक. ते चाक उभ्या खांबाला फिरवतं, खांब खाली येऊन आणखी एका मोठ्या चाकाला, आणि त्यावरून दगड. पाती एक फेरा घेईपर्यंत वरचा दगड पाच-सहा फेरे घेतो असा साधारण हिशोब. दात कडक लाकडाचे, एकेक वेगळा घडवून खाचेत ठोकून बसवलेला, म्हणजे तुटला तर एकच बदलायचा. आणि ह्यातली एक युक्ती मला इतकी आवडली की मी ती कॉलेजात शिकलो असूनही त्या दिवशी पहिल्यांदा समजली असं म्हणेन. जुने कारागीर दोन चाकांच्या दातांची संख्या अशी निवडायचे की दोन्हींना सामाईक भाग जाणार नाही. समजा एकाला ५९ आणि दुसऱ्याला २०. मग एका चाकाचा ठराविक दात दुसऱ्याच्या त्याच दाताला लगेच परत भेटत नाही, सगळ्यांना भेटून मग येतो. एखादा दात जरा खडबडीत असला तर त्याचा त्रास सगळ्यांत वाटला जातो आणि झीज सारखी होते. आजच्या गिअरबॉक्समध्येही हेच करतात. लाकूड वापरायचं आणखी एक कारण, पिठाची बारीक धूळ हवेत असते आणि ती पेट घेते, लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडलेली चालत नाही.

दगडांचं तर आपल्याला सांगायलाच नको. खालचा स्थिर, वरचा फिरता, मध्ये भोक, त्यातून दाणे. आपल्या जात्यात बाई मुठीने घास घालते आणि हाताच्या अंदाजाने किती वैरायचं ते ठरवते, इथे वरच्या पेटीतून दाणे एका हलत्या पन्हाळीवर पडतात आणि फिरता आसच त्या पन्हाळीला टकटक धक्के देत राहतो, दगड जोरात फिरला की धक्के जास्त, दाणेही जास्त. दाणे संपत आले तर? तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडणार. म्हणून पेटीत दाण्यांखाली एक पट्टा दबलेला असतो, दाणे कमी झाले की पट्टा सुटतो आणि घंटा वाजते. वीज नाही, काही नाही, नुसतं धान्याचं वजन आणि एक घंटा. खाली पन्हाळीतून पीठ येतं ते कोमट असतं, चक्कीवाला ते अंगठा आणि बोटात चोळून बघतो, फार गरम झालं, फार जाडं आलं की दोन दगडांतलं अंतर बदलतो. ही बोटात चोळायची सवय मी आजीची बघितलीय, अगदी हीच, भाकरीच्या पिठाला वेगळी आणि भरडायला वेगळी.

टाकी लावणं हेही तसंच. आपल्याकडे गिरणीवर पाटी लागायची, आज टाकी लावायची आहे, दळण उद्या. दगडाच्या चरा बुजल्या की छिन्नी-हातोड्याने परत पाडायच्या. इथले दगड एक-एक टनाच्या घरातले, ते उचलायला चक्कीतच लाकडी क्रेन असते, उलटा करून ठेवायचा आणि तासन् तास ठोकत बसायचं. राय (थंड देशातलं गव्हासारखं धान्य) आणि बार्ली हे इथलं मुख्य दळण, रायचा काळा ब्रेड डॅनिश माणूस आजही रोज खातो. चक्कीवाल्याची दळणावळ धान्यातूनच कापली जायची.

मग हे थांबलं कसं? एका झटक्यात नाही. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य यायला लागलं, डॅनिश शेतकरी धान्य विकायचं सोडून लोणी आणि डुकराच्या मांसाकडे वळला, मग चक्क्यांवर माणसांच्या पिठापेक्षा जनावरांचं खाद्यच जास्त भरडलं जाऊ लागलं. शहरात वाफेवरच्या पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या, गावात डिझेल आणि मग वीज. दोन्ही महायुद्धांत इंधन मिळेना तेव्हा जुन्या पवनचक्क्यांना परत थोडं काम मिळालं, पण तेवढंच.

आणि इथे खरी केस सुरू होते, म्हणजे चक्कीचं काम संपलं आता तिचं काय करायचं.

डेन्मार्कमध्ये उत्तर शोधणाऱ्यांत पहिलं नाव बर्नहार्ड ओल्सेन ह्यांचं. हा माणूस कोपनहेगनच्या टिवोली बागेचा डायरेक्टर होता, लोकांना काय बघायला आवडतं ते त्याला कळायचं. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने स्वीडनच्या हाझेलियसने मांडलेली खेड्यातली दृश्यं बघितली आणि ते डोक्यात घेऊन परत आला. १८८५ ला लोकजीवनाचं म्युझियम उघडलं, १८९७ ला रोसेनबोर्गच्या बागेत पहिली जुनी घरं उभी केली, तिथे जागा पुरेना म्हणून १९०१ ला सगळं ल्युंगबीला. १९२० पासून ते राष्ट्रीय म्युझियमचा भाग आहे. आज ३५ हेक्टरवर ५० हून जास्त वास्तू आहेत. ओल्सेनचं म्हणणं थोडक्यात असं की वस्तू कपाटात ठेवून कळत नाही, घर उभं पाहिजे, त्यात चूल पाहिजे, भोवती कुंपण आणि भाजी पाहिजे.

आता घर हलवता येतं. लाकडी चौकटीचं घर तर फारच सोपं, सुताराने सांध्यांवर छिन्नीने खुणा केलेल्याच असतात, सोडवायचं, गाडीवर घालायचं, खुणा जुळवून परत ठोकायचं. चक्कीही अशी हलते. ह्याच म्युझियममध्ये कार्लस्ट्रुपहून आणलेली १७व्या शतकातली एक चक्की आहे, ती वेगळ्या जातीची, स्टुबमोले, म्हणजे मधल्या एका जाडजूड खांबावर अख्खी खोलीच तोललेली, वारा बदलला की मागच्या लांब दांड्याला धरून पूर्ण खोली फिरवायची. ती बघितली की जीव दडपतो, एवढा पसारा एका खांबावर. आणि ह्याहून लांबची गोष्ट, युटलँडमधल्या नोरे स्नेडे गावची १८४८ ची चक्की १९७६ मध्ये सुटी करून जहाजाने अमेरिकेत आयोवाच्या एल्क हॉर्न गावी नेली. तिथे डॅनिश स्थलांतरितांची वस्ती, गाव हजार माणसांचंही नाही, त्यांनी वर्गणी काढली आणि गावकऱ्यांनी स्वतः राबून ती उभी केली, आजही ती तिथे आहे. मला ह्या माणसांबद्दल अतोनात आदर वाटतो. परक्या देशात आपल्या गावची एक वस्तू असावी म्हणून माणूस काय करतो हे मला इथे राहून कळतं.

पण फुग्लेवादची चक्की हलवली नाही. म्युझियममधली बाकीची मंडळी कुठून कुठून आलेली, ही मात्र जिथे बांधली तिथेच उभी आहे. म्युझियम तिच्यापाशी आलं.

आणि माझं मत विचाराल तर सगळी गोम ह्यात आहे. लोक म्हणतात की अस्सल लाकूड टिकवा. पवनचक्कीत अस्सल लाकूड किती असतं? पाती सडतात, बदलतात. जाळी बदलते, शीड तर कापडच, दर काही वर्षांनी नवं. दात झिजतात, एकेक करून सगळे नवे होतात. अंगावरचं आवरण बदलतं. दगड टाकी लावून लावून पातळ होतात, मग नवा आणतात. हे चक्की चालू असतानाही असंच चालायचं, त्यात फसवणूक काही नाही, यंत्राचं ते नेहमीचं मेंटेनन्स आहे. १९० वर्षांनंतर अशा यंत्रात नक्की जुनं काय उरतं ह्याचा विचार केला तर मोठे खांब-तुळया आणि जागा. आणि जागा हलवली की जातेच, ती नव्याने घडवता येत नाही.

कार्लस्ट्रुपची चक्की बघताना स्टुबमोले म्हणजे काय ते कळतं, पण ती त्या टेकाडावर का होती, तिचं गिऱ्हाईक कुठून यायचं, शेजारी कोण होतं, हे तिथे उभं राहून कळत नाही, कारण शेजारी म्हणून तिला आता दुसऱ्याच भागातलं घर मिळालंय. फुग्लेवादला आईने पाच मिनिटांत विचारलेला प्रश्न, नदी शेजारी असताना वारा कशाला, हा प्रश्न पडायलाच नदी शेजारी असावी लागते. हीच चक्की उचलून दुसऱ्या गावच्या माळावर ठेवली असती तर ती छान दिसली असती, फोटो चांगले आले असते, आणि हा प्रश्न कोणालाही कधी पडला नसता. तिच्या जन्माचं कारणच पुसलं गेलं असतं.

जागेवर ठेवण्याची किंमतही असते, ती लपवण्यात अर्थ नाही. वारा. घर जपायचं तर छप्पर जपलं की झालं, पवनचक्की जपायची तर तिच्याभोवतीची मोकळी हवा जपावी लागते. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते, आमच्या क्षेत्रात हे पहिल्या दिवशी शिकवतात, वेग दुप्पट तर ताकद आठपट. उलटं केलं तर झाडांमुळे वेग फक्त २० टक्के कमी झाला तर ताकद निम्मी होते, ०.८ चा घन ०.५१. निम्मी! आणि नुसतं कमी होत नाही, झाडांमागचा वारा फाटलेला येतो, गचके देतो, एका पात्याला जास्त आणि दुसऱ्याला कमी, लाकडाला ते फार वाईट. मोलेओच्या काठाने आज दाट झाडी आहे, चालायला ती सुंदर आहे, सगळ्यांना प्रिय आहे. हॉलंडमध्ये चक्कीपासून १०० मीटरच्या आत उंच काही वाढू द्यायचं नाही असा दंडक ठेवतात, आणि त्यावरून तिथे झाडवाले आणि चक्कीवाले ह्यांची भांडणं होतात. दोघंही जपायलाच निघालेले असतात हे त्यातलं अवघड. मी झाडांच्या विरोधात नाही, पण चक्कीच्या तोंडासमोरचं एखादं झाड छाटायची वेळ आली तर मी चक्कीच्या बाजूने बोलेन, झाड दुसरीकडे लावता येतं.

शिवाय थांबलेली चक्की लवकर मरते. पाती महिनोन् महिने एकाच जागी राहिली की पाणी एकाच सांध्यात साचतं, तिथून कुजायला लागतं. टोपी फिरवली नाही तर ती जाम होते. मधूनमधून फिरवलं की सगळं सुकतं, आणि मुख्य म्हणजे फिरवणारा माणूस कान देऊन असतो, आवाज बदलला की त्याला कळतं. म्हणून डेन्मार्कमध्ये जुन्या चक्क्यांभोवती मोलेलाउग नावाची मंडळं असतात, गावातले हौशी लोक, बरेच रिटायर झालेले, जे शीड बांधायला शिकतात, दात घडवतात, दळतात. जूनच्या तिसऱ्या रविवारी देशभर चक्क्यांचा दिवस पाळतात, तेव्हा जमेल तेवढ्या चक्क्या उघड्या ठेवतात. हॉलंडच्या चक्कीवाल्यांच्या कौशल्याला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला, इमारतीला नाही, हातातल्या कामाला. मला हे अगदी योग्य वाटतं. चक्की नकाशावरून परत बांधता येईल, पण वारा फिरायच्या आधी दहा मिनिटं ढगाकडे बघून शीड कधी उतरवायचं हे नकाशात नसतं.

एक गोष्ट भाषेची, कारण ती मला सारखी छळते. डॅनिशमध्ये समुद्रातल्या शंभर-दीडशे मीटर उंचीच्या टर्बाइनलाही विंडमोलेच म्हणतात, वाऱ्याची चक्की. आपणही चाळकेवाडीच्या पठारावर उभ्या असलेल्या टर्बाइनला पवनचक्कीच म्हणतो, देवगडच्याही पवनचक्क्याच. एक दाणा दळला जात नाही पण चक्की शब्द सुटला नाही. डेन्मार्कमध्ये ह्या शब्दामागे सलग रस्ता आहे, पॉल ला कूर ह्या शिक्षकाने १८९१ ला आस्कोवच्या शाळेत चक्कीला जनरेटर जोडला, १९५७ ला गेडसरची २०० किलोवॅटची टर्बाइन चालू झाली, आणि आज देशाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर. आपल्याकडे शब्द आला पण मधली चक्की आलीच नाही, आपली चक्की हाताची, बैलाची, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीसारखी पाण्याची. त्यामुळे मी साताऱ्याचा असून, टर्बाइनवर काम करत असून, पवनचक्कीत धान्य दळतात म्हणजे नक्की काय होतं हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

ल्युंगबीला डीटीयू हे तंत्रविद्यापीठ आहे, तिथे विंड एनर्जी शिकायला आपल्याकडची मुलं येतात. त्यांना मी आवर्जून सांगतो की एकदा इथे या. उन्हाळी हंगामातच या, थंडीत म्युझियम बंद असतं. येगर्सबोर्गहून नेरुमला जाणारी छोटी ट्रेन घ्या आणि फुग्लेवाद स्टेशनला उतरा. उतरल्यावर लगेच चक्कीकडे जाऊ नका, आधी नदीवर जा. पाणी बघा, किती हळू चाललंय ते बघा, एखादं पान टाकून बघा हवं तर. जमलं तर काठाकाठाने ब्रेडेपर्यंत चाला, तिथे जुन्या कापड गिरणीच्या इमारती आहेत, म्हणजे खालचा शेजारी किती जवळ होता ते पायाला कळेल. मग मागे फिरा आणि चक्कीकडे या.

आई पुढच्या जूनमध्ये परत येतेय. ह्या वेळी तिला आम्ही चक्क्यांच्या दिवशी नेणार आहोत, जिथे दळण चालू असेल तिथे, आणि तिने आधीच विचारून ठेवलंय की ज्वारी बरोबर आणली तर दळून देतील का.